लेझर प्लेअर की सुई? आधी खाचेत काय आहे ते बघा

रेकॉर्ड सुईऐवजी प्रकाशकिरणाने वाचणारा लेझर प्लेअर घ्यावा की सुईचाच बरा, हा वाद विनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या रेकॉर्डच्या शौकिनांत अधूनमधून उकरला जातो आणि दरवेळी ‘आवाज कुणाचा गोड’ इथेच अडकतो. माझ्या मते हा वाद कानाचा नाहीच, रेकॉर्डच्या तब्येतीचा आहे. तबकडी काळी, स्वच्छ आणि फारशी न वाजलेली असेल, तर नीट बसवलेली सुई आणि लेझर यांतला फरक ओळखायला बराच वेळ कान देऊन ऐकावं लागतं. तीच तबकडी मळकी असेल, तर लेझरचा आवाज दोन मिनिटांत बंद करावासा वाटतो. आणि झिजलेली असेल, तर डाव उलटतो. हे असं का, ते कळायला खाचेत उतरायला हवं.

खाचेच्या आत

एलपीची खाच इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असते. दोन भिंतींमधला कोन ९० अंशांचा, म्हणजे प्रत्येक भिंत पृष्ठभागाशी ४५ अंशांत कललेली. स्टिरिओत मधल्या लेबलच्या बाजूची भिंत डावा चॅनेल सांभाळते, बाहेरची उजवा. वरच्या तोंडाशी खाच साधारण ५० ते ७५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, आणि ९० अंशांच्या कोनामुळे खोली त्याच्या निम्मी.

तबकडी एकाच गतीने फिरते, पण सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग बदलत जातो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर पहिल्या गाण्याशी, केंद्रापासून १४६ मिलिमीटरवर, खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते. शेवटच्या गाण्याशी, ६० मिलिमीटरवर, फक्त २१ सेंटिमीटर. म्हणून १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेरच्या कडेला ५१ मायक्रॉन लांब असते आणि आत येईस्तोवर २१ मायक्रॉनमध्ये कोंबली जाते.

साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १८ मायक्रॉन असते, म्हणजे जाडी ३६. इतका जाड गोळा २१ मायक्रॉनच्या लाटेत पूर्ण उतरूच शकत नाही. तो लाटेच्या माथ्यांवरून घसरत जातो आणि दऱ्या चुकवतो. शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटतात, झांजा चरचरतात, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. लंबवर्तुळाकार सुईची कड ८ किंवा ५ मायक्रॉनची असल्यामुळे ती बरीच आत जाते. शिबाता, मायक्रोलाइन वगैरे जातीच्या सुया आणखी बारीक. शिवाय त्या भिंतीला उभ्या रेषेत टेकतात, त्यामुळे दाब पसरतो आणि झीज कमी होते. शिबाता आकार जन्माला आला तो ७०च्या दशकातल्या सीडी-४ या चार चॅनेलच्या पद्धतीसाठी. तिथे खाचेतून ३० किलोहर्ट्झची वाहक लहर उचलायची होती आणि जुन्या सुयांना ते जमत नव्हतं.

लेझर नेमकं काय करतो

प्रचलित लेझर प्लेअरमध्ये एक नाही, पाच किरण असतात. दोन किरण खाचेच्या दोन्ही काठांवर नजर ठेवून मार्ग धरतात. दोन किरण डाव्या आणि उजव्या भिंतीवर पडून आवाज वाचतात. पाचवा तबकडीची उंची मोजतो, म्हणजे तबकडी थोडी वाकडी असली तरी डोकं वरखाली होऊन अंतर सांभाळतं. भिंतीवर पडणारा ठिपका सुमारे २ मायक्रॉनचा. भिंत वळली की परावर्तित किरणाचा कोन बदलतो, कोनातला तो बदल सेन्सर टिपतो आणि त्यातून विजेचा संकेत तयार होतो.

अनेकांची इथे गल्लत होते: लेझर आहे म्हणजे डिजिटल, असं धरून चालतात. सीडीचा लेझर खड्डा आहे की नाही एवढंच बघतो. इथे किरण भिंतीचा उतार सलग वाचतो आणि संकेत शेवटपर्यंत अॅनालॉगच राहतो. रेकॉर्ड कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, त्यामुळे ते पुन्हा मूळ पातळीवर आणणारं, १९५४ पासून रूढ झालेलं आरआयएए इक्वलायझेशन इथेही लावावंच लागतं.

दुसरी गल्लत ऑप्टिकल कार्ट्रिजची, म्हणजे सुईच्या हालचालीतून संकेत तयार करणाऱ्या डबीच्या एका प्रकाराची. त्यात चुंबक आणि वेटोळ्याच्या जागी एलईडी आणि प्रकाश-सेन्सर असतो, पण खाचेत हिऱ्याची सुईच चालते. सुईची हालचाल मोजायची पद्धत तेवढी वेगळी. ते कार्ट्रिज टोनआर्मलाच, म्हणजे तबकडीवर फिरणाऱ्या दांड्यालाच लागतं, त्याला वजन द्यावं लागतं, सुई झिजते आणि रेकॉर्डही. जाहिरातीत ‘प्रकाशाने वाजणारं’ असं वाचून कुणी ते लेझर प्लेअर समजून घेतलं, तर पंचाईत होईल.

दोन मायक्रॉनच्या ठिपक्यामुळे आतल्या खाचांचा प्रश्न लेझरपुढे जवळजवळ उरत नाही. डोकं सरळ रेषेत सरकतं, त्यामुळे टोनआर्मच्या कमानीमुळे येणारा कोनाचा फरक नाही. सुईला तबकडीच्या मध्याकडे खेचणारा स्केटिंगचा ओढा नाही. स्पीकरची थरथर सुईवाटे परत आत शिरून घूं घूं होत नाही. थांबवता येतं, हवं ते गाणं निवडता येतं. आणि शंभर वेळा वाजवलं तरी खाच होती तशीच. कागदावर तर सुईने हात टेकावेत अशी ही यादी आहे.

कचरा

आता खरी भानगड. सुई दीड-दोन ग्रॅमच्या वजनाने चालते, पण ते वजन टेकतं इतक्या छोट्या जागेवर की तिथला दाब प्रचंड होतो. सैल धुळीचा कण वाटेत आला तर सुई त्याला ढकलते, चिरडते किंवा आपल्या टोकाला चिकटवून घेते. शेतात नांगर चालावा तशी ती चालते: वाचता वाचता वाट मोकळी करते. वाजवून झाल्यावर टोकावर राखाडी लोकरीसारखा पुंजका दिसतो, तो याचाच. लेझर काहीच ढकलत नाही. त्याच्या दृष्टीने भिंतीवर बसलेला ५ मायक्रॉनचा कण म्हणजे भिंतच. कणाचा उतारही तो संगीत म्हणून वाचतो, आणि तेही इमानदारीत.

१९८६च्या कंझ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शोमध्ये अमेरिकेतल्या फिनियल कंपनीने पहिलं चालतं मॉडेल दाखवलं, तेव्हाच हा दोष उघडा पडला होता. स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थी असताना रॉबर्ट रीस यांनी या कल्पनेवर प्रबंध लिहिला आणि १९८३ मध्ये रॉबर्ट स्टॉडर्ड यांच्यासोबत कंपनी काढली. अंदाजे किंमत आधी अडीच हजार डॉलर सांगितली, पुढे ती ३,७८६ वर गेली. तोवर सीडी घरोघर पोचली होती. कंपनीने हाताने जोडलेले काही नमुने दाखवले, पण कारखान्यातून माल काही निघाला नाही. १९८९ मध्ये पेटंटं जपानकडे गेली आणि तिथे ईएलपी कंपनीने १९९७ मध्ये लेझर टर्नटेबल प्रत्यक्ष बाजारात आणलं. किंमत सामान्य श्रोत्याच्या आवाक्याबाहेरच राहिली. गिऱ्हाईक मुख्यतः ग्रंथालयं, संग्रहालयं आणि हौसेला मोल नसलेले.

त्यामुळे लेझर घ्यायचा तर रेकॉर्ड धुण्याचं यंत्र ही त्याची अर्धी किंमत आहे असंच धरावं. आणि हे फक्त जुन्या रेकॉर्डसाठी नाही. कालच सील फोडलेल्या तबकडीतही प्रेसिंगमधले कण आणि आतल्या कागदी पिशवीचे तंतू असतात.

धुण्याची रीत सुईवाल्यांनाही हीच लागू आहे, फक्त सुईवाल्याला थोडी ढिलाई खपते.

आधी कार्बन फायबरच्या ब्रशने कोरडी धूळ काढा. कोरडी धूळ तशीच ठेवून पाणी ओतलं तर तिचा चिखल होऊन खाचेच्या तळाशी बसतो. मग एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात अर्धा ते एक मिलिलिटर वेटिंग एजंट घाला, फोटो धुण्याच्या कामात वापरतात तसला. त्याने पाण्याचा ताण मोडतो आणि ते खाचेत उतरतं. नुसतं पाणी विनाइलवर थेंब होऊन बसून राहतं. भांडी घासायचं लिक्विड नको, त्यातला सुगंध, रंग आणि बाकीचा मसाला मागे राहतो. बोटांचे तेलकट डाग असतील तर १० ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण फक्त विनाइलवर. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका. लाख त्यात विरघळते आणि खाच कायमची जाते.

लेबल कोरडं ठेवून द्रव पसरवा, मिनिटभर मुरू द्या, मग मऊ केसांच्या ब्रशने खाचेच्या दिशेने चार-पाच फेऱ्या, आणि तितक्याच उलट्या दिशेने. आडवं घासायचं नाही. यंत्राच्या व्हॅक्यूमने दोन फेऱ्यांत द्रव ओढून घ्या. जास्त फेऱ्या मारल्या तर तबकडी कोरडी होऊन स्थिर वीज साठते आणि खोलीतली धूळ आपणहून येऊन चिकटते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत धुवून परत ओढून घेणं. पहिल्या धुण्यात सुटलेला मळ आणि वेटिंग एजंट यांचा पातळ थर नाहीतर खाचेतच वाळतो. सुई तो खरवडून दोन-तीन वेळांत संपवते. लेझरला मात्र तो संपूर्ण बाजूभर एकसारखी ‘स्स्स’ म्हणून ऐकू येतो, आणि मग प्लेअरला नावं ठेवली जातात.

अल्ट्रासॉनिक यंत्र असेल तर पाणी ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. लागोपाठ तीन-चार खेपा केल्या की पाणी आपोआप तापतं, आणि गरम पाण्यात विनाइल वाकतं. सुकल्यावर जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका. पॉलिथिलीनची अँटिस्टॅटिक पिशवी घ्या. मऊ पीव्हीसीची पारदर्शक पिशवी टाळा, तिच्यातले घटक कालांतराने तबकडीत उतरून पृष्ठभागावर ढगाळ डाग पाडतात.

झिजलेली रेकॉर्ड: इथे लेझर जिंकतो, पण हिशोब करून

गोल टोकाची १८ मायक्रॉनची सुई ९० अंशांच्या खाचेत तळापासून साधारण १३ मायक्रॉन उंचीवर भिंतींना टेकते. वर्षानुवर्षं तिथेच टेकते, म्हणून झिजेचा पट्टा तिथेच पडतो. लेझर काठाच्या खाली सुमारे १० मायक्रॉनवर वाचतो. ७५ मायक्रॉन रुंद खाच ३७ मायक्रॉन खोल असते, म्हणजे लेझरची जागा तळापासून २७ मायक्रॉन वर. झिजेचा पट्टा बराच खाली राहिला, भिंत तिथे कोरी. अशा रेकॉर्डवर लेझर खरोखर चकित करतो.

पण खाच ५० मायक्रॉनच रुंद असेल, तर खोली २५ आणि लेझर तळापासून १५ वर, म्हणजे सुईच्या पट्ट्याला अगदी खेटून. एका बाजूला तीस मिनिटं कोंबलेल्या रेकॉर्डच्या खाचा अशाच अरुंद असतात. तिथे ‘न झिजलेला भाग वाचतो’ हा दावा बराच पातळ होतो. जुन्या मोनो एलपी २५ मायक्रॉनच्या सुईने वाजलेल्या असतात आणि ती सुई आणखी वर, १८ मायक्रॉनच्या आसपास टेकते. म्हणजे खाच किती रुंद आहे ते बघूनच अपेक्षा ठेवावी.

याच हिशोबातून एक स्वस्त उपायही निघतो. गोल सुईने झिजवलेली रेकॉर्ड मायक्रोलाइन किंवा शिबाता सुईने वाजवून बघा. या सुया भिंतीच्या उंच भागालाही टेकतात, त्यामुळे फाटलेला आवाज पुष्कळदा लक्षात येण्याइतका सुधारतो. लेझरचा खर्च करण्याआधी हा प्रयोग करावाच. ओरखड्याला मात्र दोघांकडेही औषध नाही. तो आता खाचेचाच भाग आहे.

लेझर कुठे हात टेकतो

रंगीत, पारदर्शक, चित्र छापलेल्या तबकड्या विसरा. पारदर्शक विनाइलमध्ये किरण आत शिरतो आणि सेन्सरला नीट परावर्तन मिळत नाही. लेझर काळ्या विनाइलसाठी आहे, बस्स. आजकाल बरीच नवी प्रेसिंग रंगीत किंवा संगमरवरी नक्षीची असतात, तेव्हा संग्रह बघूनच निर्णय घ्यावा.

लाखेच्या तबकड्यांसाठी मात्र लेझर मोलाचा. त्यांच्या मिश्रणात दगडाची भुकटी असते आणि पूर्वी पोलादी सुया तिच्यावर घासून आकार घेत असत. तबकड्या त्यातूनच झिजल्या. शिवाय ‘७८’ नावालाच. सुरुवातीच्या काळात ७० ते ८० च्या पुढेही वेग असायचे. लेझर प्लेअरमध्ये वेग बारीक टप्प्यांनी बदलता येतो, त्यामुळे सूर जुळवता येतो. तडा गेलेली पण तुकडे एका पातळीत बसणारी तबकडीही त्यावर वाचते. सुईने तो धोका पत्करू नये, हिरा कडेला आपटून सुईची दांडी मोडते. ७८ सुईनेच वाजवायची तर ६५ ते ७५ मायक्रॉनची वेगळी सुई घ्या. एलपीची सुई रुंद खाचेच्या तळाशी डुगडुगते आणि नुसती खरखर उचलते.

पूर्ण तुटलेल्या किंवा सोललेल्या तबकड्यांसाठी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि विताली फादेयेव यांनी विकसित केलेली आयरीन ही पद्धत आहे. ती खाचेचे सूक्ष्मचित्र घेते आणि चित्रावरून संगणक आवाज काढतो. ते संस्थांचं काम, घरी ऐकायचं साधन नव्हे.

सुई ठेवणार असाल तर

लेझर आणि सुईची तुलना करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची सुईच धड बसवलेली नसते, म्हणून हे थोडं सविस्तर.

प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची फिरती थाळी, पातळीत आहे का ते आधी बघा. मग कार्ट्रिजचे स्क्रू अर्धवट आवळून डिजिटल काट्यावर वजन लावा. शिफारस १.८ ते २.२ ग्रॅम असेल तर २.० ठेवा. ‘हलकं ठेवलं तर रेकॉर्ड जपली जाते’ हा गैरसमज काही जात नाही. हलकी सुई जोरकस सुरांवर भिंतीपासून सुटते आणि परत आदळते, आणि खाचेचं खरं नुकसान त्यानेच होतं. मग प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन जुळवायच्या आखीव पट्टीवर, केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरच्या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज सरळ येईल असं सरकवा, स्क्रू घट्ट करा आणि वजन पुन्हा मोजा. कार्ट्रिज पुढेमागे झालं की वजन बदलतंच. समोरून बघून सुई उभी आहे ना ते तपासा. अँटिस्केटिंग, म्हणजे स्केटिंगच्या ओढ्याला तोलणारा उलटा ताण, नुसता आकड्यावर ठेवून विसरू नका: वाजत असताना सुईची दांडी कुठल्या बाजूला झुकते का ते बघा.

टोनआर्म आणि कार्ट्रिजची जोडी जमते का, ते गणिताने कळतं. एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये आणि कार्ट्रिजमधल्या सुईची लवचिकता मायक्रॉन प्रति मिलिन्यूटनमध्ये घेऊन गुणाकार करा, वर्गमूळ काढा, १५९ ला त्याने भागा. १२ ग्रॅमचा आर्म, ६ चं कार्ट्रिज, १ ग्रॅमचे स्क्रू आणि लवचिकता १२ असेल तर उत्तर साधारण १०.५ हर्ट्झ. ८ ते १२ मध्ये आलं की ठीक. त्याच्या बरंच खाली गेलं तर वाकड्या तबकडीवर वूफर, म्हणजे स्पीकरचा मोठा पडदा, दिसेल इतका पुढेमागे हलतो.

मूव्हिंग मॅग्नेट (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजला प्रीअॅम्पचा रोध ४७ किलोओम लागतो, आणि केबल व प्रीअॅम्पची धारिता मिळून किती पिकोफॅरड होते तेही बघा. ती मर्यादेपेक्षा जास्त झाली तर वरचे सूर आधी टोचतात आणि मग एकदम गळतात. सुई साफ करताना ब्रश मागून पुढे, म्हणजे तबकडी फिरते त्याच दिशेने. सुईचं आयुष्य आकारावर आहे: ऑडिओ-टेक्निका आपल्या गोल सुईला ५०० तास, लंबवर्तुळाकार सुईला ३००, शिबाताला ८०० आणि मायक्रोलाइनला १००० तास देते. तासांची नोंद ठेवा. झिजलेल्या हिऱ्याच्या कडा छिन्नीसारख्या होतात आणि कानाला कळेपर्यंत अर्धा संग्रह खरवडून झालेला असतो.

बिघाड ओळखताना

फक्त शेवटच्या गाण्यात, दोन्ही चॅनेलमध्ये आवाज फाटतोय: आधी प्रोट्रॅक्टर, मग सुईचा आकार. एकाच चॅनेलमध्ये आधी फाटतोय: अँटिस्केटिंग, किंवा सुई तिरकी. पहिल्या गाण्यापासूनच फाटतोय: टोकावरचा पुंजका, मग वजन. दुसऱ्या रेकॉर्डवर स्वच्छ आणि हिच्यावरच फाटतोय: खाच झिजलेली, सुई बदलून पाहा.

लेझरवर टक्-टक् फार आहे: परत धुवा, आणि धुतल्यावर पूर्ण सुकली होती का ते बघा, खाचेतला ओलावा किरण मोडतो. काही यंत्रांत टक्-टक् गाळणारं सर्किट असतं. ते चालू केलं की तबल्याची चाटीही थोडी बोथट होते, म्हणून नेहमीसाठी ते बंदच बरं. सलग ‘स्स्स’ असेल तर शेवटचं नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुणं राहिलंय. मध्येच मार्ग सुटून पुढे उडी मारत असेल तर तबकडीचा रंग उजेडात धरून पाहा. काळी वाटणारी काही विनाइल दिव्यासमोर गडद तपकिरी आणि अर्धपारदर्शक निघते. आणि चांगल्या धुतलेल्या, खात्रीच्या तबकडीवरही एक चॅनेल मंद येत असेल तर आरशांवर किंवा भिंगांवर धूळ बसलीय किंवा ते सरकलेत. झाकण उघडून कापसाने पुसायला जाऊ नका. पाचही किरणांची जुळणी पुन्हा करावी लागते आणि ती कारखान्याच्या उपकरणांशिवाय होत नाही.